दोन भावांना नेणाऱ्या आजाराचा माग काढत सुब्बाराव अमेरिकेला गेले, आणि लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवरचं पहिलं औषध सापडलं

मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलच्या बाजूने कधी सकाळी गेलात, तर फुटपाथवर रिपोर्टच्या फायली सांभाळत बसलेले आई-बाप दिसतील. कुणी विदर्भातून आलेलं, कुणी बिहारमधून, कुणी बंगालमधून. मांडीवर मास्क लावलेलं, केस गेलेलं पोरगं.

यातल्या ज्या पोरांना ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर असतो, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या फायलीत एक नाव हमखास सापडतं. मेथोट्रेक्सेट.

संधिवात असणाऱ्यांना आणि सोरायसिसवाल्यांनाही हे नाव पाठ असतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ही बारकी पिवळी गोळी मिळते. पण या गोळीच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे, हे गोळी देणाऱ्याला माहित नसतं आणि घेणाऱ्यालाही नसतं.

त्या माणसाचं नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव.

12 जानेवारी 1895 ला आंध्रातल्या भीमावरमला त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा भाग मद्रास प्रेसिडेन्सीत होता. वडील महसूल खात्यात नोकरीला होते, पण तब्येतीने साथ सोडली आणि नोकरी लवकर सुटली. घरात खाणारी तोंडं भरपूर आणि पैशाची बोंब.

सुब्बाराव काही लहानपणापासून हुशार वगैरे नव्हते. शाळेत मन रमायचं नाही. तेरा वर्षांचे असताना ते घरातून पळाले. प्लॅन काय, तर काशीला जायचं आणि यात्रेकरूंना केळी विकून पैसे कमवायचे. आईने त्यांना वाटेतूनच परत आणलं. आई वेंकम्मा एकदम कडक बाई. दागिने विकले, पण पोराला शाळेत बसवलंच. तरी मॅट्रिक पास व्हायला तिसरा प्रयत्न लागला.

पुढे मद्रासला कॉलेजात गेल्यावर डोक्यात संन्यास शिरला. रामकृष्ण मिशनमध्ये जाणं-येणं वाढलं. पण आईची परवानगी नाही, आणि आईच्या परवानगीशिवाय मिशनवाले घेईनात. त्यांनी सल्ला दिला की डॉक्टर हो, लोकांची सेवा तशीही करता येते. अशा रीतीने संन्यासी व्हायला निघालेला गडी मद्रास मेडिकल कॉलेजात पोचला.

फी भरायला पैसे नव्हते. 1919 साली शेषगिरी यांच्याशी लग्न झालं आणि शिक्षणाचा खर्च सासऱ्यांनी उचलला.

तो काळ गांधीजींच्या हाकेचा. सुब्बारावांनी ऑपरेशन थिएटरमध्ये घालायचा कोटसुद्धा खादीचा शिवून घेतला. सर्जरीचे इंग्रज प्रोफेसर भडकले. लेखी परीक्षा चांगली देऊनही सुब्बारावांच्या हातात एमबीबीएसची डिग्री पडलीच नाही, तिच्या खालची एलएमएस ही पदवी मिळाली. दिसायला हा फरक दोन-तीन अक्षरांचा, पण सरकारी वैद्यकीय सेवेचं दार त्यामुळे बंद झालं आणि पुढे अमेरिकेतही ही पदवी त्यांना नडली.

याच काळात घरात एक गोष्ट घडली, जिने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. त्यांचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. आजार होता ट्रॉपिकल स्प्रू.

हा आजार आता फारसा ऐकू येत नाही. यात आतड्याची अन्न शोषून घेण्याची ताकद जाते. माणूस जेवतो, पण अंगाला काही लागत नाही. जुलाब थांबत नाहीत, जीभ सोलवटते, रक्त कमी होत जातं आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो. त्या काळी डॉक्टरांकडे यावर काहीच इलाज नव्हता. पुढे खुद्द सुब्बारावांनाही हाच आजार झाला. डॉ. लक्ष्मीपती नावाच्या वैद्यांच्या आयुर्वेदिक औषधाने ते बरे झाले, असं सांगितलं जातं. मग त्यांच्याच आयुर्वेद कॉलेजात त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

पण डोक्यातला किडा काही गेला नाही. या आजारात नेमकं कमी काय पडतं, हे त्यांना शोधायचं होतं.

हुकवर्मच्या मोहिमेसाठी आलेल्या एका अमेरिकन डॉक्टरशी गाठ पडली आणि अमेरिकेचा विचार पक्का झाला. काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेने मदत कबूल केली, थोडा भार सासऱ्यांनी घेतला. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला, तिशीच्या आतले सुब्बाराव बोस्टनला उतरले. घरी बायको गरोदर होती. ठरलं होतं की काही वर्षांत परत यायचं.

ते परत कधीच आले नाहीत. मागे मुलगा झाला आणि वर्षाच्या आतच वारला. बापाने त्याचं तोंडही पाहिलं नाही. शेषगिरी इकडे पत्रांची वाट बघत राहिल्या. सुब्बारावांची गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा दोन ओळींत उरकला जातो. पण त्यांच्या संशोधनाची किंमत एका बाईनेही आयुष्यभर मोजली होती.

बोस्टनमध्ये हार्वर्डच्या ट्रॉपिकल मेडिसिन विभागात प्रवेश होता, खिशात मात्र काही नव्हतं. मद्रासच्या पदवीवर तिथे डॉक्टरकी करता येईना. मग पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीची नोकरी धरली. काम होतं पेशंटची लघवीची भांडी उचलून साफ करण्याचं. दिवसा हार्वर्ड आणि रात्री बेडपॅन.

डिप्लोमा झाल्यावर ते बायोकेमिस्ट्रीत सायरस फिस्के यांच्या हाताखाली आले. 1925 मध्ये दोघांनी रक्तातला आणि लघवीतला फॉस्फरस मोजायची पद्धत काढली. फिस्के-सुब्बाराव मेथड म्हणून ती पुढे जगभरच्या लॅबमध्ये वापरली गेली. 1927 मध्ये त्यांनी स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं. स्नायूला ताकद कुठून मिळते याबद्दलची तोवरची नोबेलवाली थिअरी यामुळे डळमळली. 1929 मध्ये एटीपी, म्हणजे आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू. तो जर्मनीच्या कार्ल लोहमान यांनी त्याच वर्षी थोडा आधी जाहीर केला, पण फिस्के आणि सुब्बाराव स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते.

दहावीच्या पुस्तकात एटीपीला ऊर्जेचं चलन म्हणतात. त्या धड्यात सुब्बारावांचं नाव सापडत नाही.

1930 मध्ये पीएचडी झाली. एवढं सगळं नावावर असताना कुणालाही कायमची नोकरी मिळाली असती, पण हार्वर्डने सुब्बारावांना ती दिली नाही. त्यांच्याच लॅबमधले जॉर्ज हिचिंग्स, ज्यांना 1988 साली नोबेल मिळालं, त्यांनी नंतर सांगून ठेवलंय की सुब्बारावांनी वेगळे केलेले काही पदार्थ फिस्के यांनी बाहेर येऊ दिले नाहीत आणि पुढे इतरांना ते नव्याने शोधावे लागले. सुब्बारावांनी स्वतः यावर जाहीर तक्रार केली नाही. स्वभाव म्हणा किंवा परक्या देशात टिकून राहायची गरज म्हणा.

1940 मध्ये त्यांनी हार्वर्ड सोडलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ली लॅबोरेटरीज या औषध कंपनीत गेले. दोन वर्षांत ते तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. हाताखाली केमिस्टची फौज आणि पैसा मुबलक. आता वीस वर्षं मनात धरलेला प्रश्न हाती घेता येणार होता.

या प्रश्नाचं एक टोक मुंबईत होतं.

1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या होत्या. इथल्या गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र ॲनिमियाने मरत होत्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना विल्स यांच्या लक्षात आलं की या बायकांच्या जेवणातच काहीतरी कमी आहे. त्यांनी नाना प्रयोग केले आणि शेवटी हाताला लागलं मार्माइट. ब्रेडला लावायचा, यीस्टपासून बनवलेला काळा चिकट पदार्थ. तो खाल्ला की बायका सुधारायच्या. 1931 मध्ये विल्स यांनी हे छापलं. यीस्टमध्ये नेमकं काय आहे ते कळत नव्हतं, म्हणून त्या अज्ञात गोष्टीला विल्स फॅक्टर असं नाव पडलं.

पुढे पालकाच्या पानांतून असाच एक पदार्थ वेगळा झाला आणि पानावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणायला लागले. पण तो मिळायचा कणभर, आणि तेवढ्यासाठी पालक लागायचा टनांनी. इतक्यात पेशंट कसे बरे करणार?

लेडर्लीत सुब्बारावांनी टीम यावर लावली. आधी लिव्हरमधून तो पदार्थ काढला, मग त्याची रचना उलगडली आणि 1945 मध्ये फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार झालं. आता ते बरण्या भरून बनवता येत होतं. गरोदर बायकांना आज सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या ज्या गोळ्या मिळतात, त्यातलं फॉलिक हेच.

आणि स्प्रूच्या पेशंटना फॉलिक ॲसिड दिल्यावर त्यांचं रक्त भरायला लागलं, भूक परत आली. भाऊ जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती.

गोष्ट इथे संपली असती तरी पुरेशी होती. पण बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये सिडनी फार्बर नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. पॅथॉलॉजिस्टचं काम बहुतेक वेळा पेशंट गेल्यावर सुरू होतं. तळघरातल्या लॅबमध्ये फार्बर यांच्या टेबलावर ल्युकेमियाने गेलेली मुलं येत राहायची.

त्या काळात मुलाला तीव्र ल्युकेमिया झालाय म्हटल्यावर डॉक्टर आई-बापांना फार तर काही आठवडे किंवा महिने सांगायचे. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडाच्या पोकळीत जिथे रक्त बनतं तिथे, कच्च्या पांढऱ्या पेशींचा सुळसुळाट होतो. चांगलं रक्त बनायला जागाच उरत नाही. बाकी कॅन्सरची गाठ कापता येते, रेडिएशनने जाळता येते. रक्त कुठे कापणार?

फार्बर यांना वाटलं, फॉलिक ॲसिडने बिघडलेलं रक्त सुधारतं, तर ल्युकेमियातही सुधारेल. सुब्बारावांच्या लॅबमधून त्यांना फॉलिक ॲसिडचेच भाऊबंद असलेली संयुगं मिळाली आणि त्यांनी ती मुलांना दिली.

उलटंच झालं. मज्जा तपासल्यावर कॅन्सरच्या पेशी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेल्या दिसल्या. औषधाने आजारालाच खतपाणी घातलं होतं.

ती मुलं अशीही वाचणार नव्हती, असं म्हणून ही बाजू झाकता येते. पण झाकू नये. त्यावेळी पेशंटची संमती, एथिक्स कमिटी असले प्रकार आजच्यासारखे नव्हते. हॉस्पिटलातच फार्बर यांच्यावर टीका झाली. मरणाऱ्या पोरांना शांतपणे जाऊ द्या, त्यांच्यावर प्रयोग कशाला, असा सूर होता.

पण या अपयशातच धागा होता. फॉलिकने कॅन्सर वाढतो, याचा अर्थ त्या पेशींना वाढायला फॉलिक लागतं. मग ते तोडलं तर?

हे समजायला कुलूप-किल्लीचं उदाहरण घ्या. पेशीला दोन व्हायचं असेल तर डीएनएची नवी प्रत बनवावी लागते. त्यासाठी फॉलिक ॲसिड एका एन्झाइममध्ये किल्लीसारखं बसतं आणि काम पुढे सरकतं. आता अगदी तशीच दिसणारी, पण एक दात बदललेली किल्ली बनवली तर ती कुलपात जाईल, फिरणार मात्र नाही. आणि ती अडकली की खरी किल्लीही आत जाणार नाही. सगळ्यात जोरात वाढणाऱ्या पेशींना, म्हणजे कॅन्सरला, याचा फटका सगळ्यात जास्त बसणार.

सुब्बारावांच्या टीमने अशा खोट्या किल्ल्या बनवायला घेतल्या. फॉलिकच्या रेणूत इथे एक तुकडा बदल, तिथे एक बदल. यातली सगळ्यात जालीम निघाली अमिनोप्टेरिन. ती प्रत्यक्षात तयार करणाऱ्या केमिस्टमध्ये डोरिस सीगर ही बाई आघाडीवर होती. सुब्बारावांना निदान आज थोडेफार लोक ओळखतात, सीगर यांचं नाव तर जुन्या शोधनिबंधावरच राहिलंय.

28 डिसेंबर 1947 ला फार्बर यांनी दोन वर्षांच्या एका मुलाला अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. प्लीहा फुगून पोट वर आलं होतं, मुलगा चालू शकत नव्हता. थोड्याच दिवसांत पांढऱ्या पेशींचा आकडा चढायचा थांबला, मग उतरायला लागला. पोट कमी झालं. पोरगं पुन्हा चालायला लागलं.

एका गोळी-इंजेक्शनने ल्युकेमिया मागे हटताना डॉक्टरांनी तोवर असं पाहिलं नव्हतं.

जून 1948 मध्ये फार्बर यांचा पेपर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सोळा मुलांना औषध दिलं होतं, त्यातली दहा सुधारली होती. अनेक डॉक्टरांचा विश्वास बसेना.

पण ही सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांनी आजार परत यायचा आणि मग औषध चालायचं नाही. तो पहिला मुलगाही वाचला नाही. शिवाय अमिनोप्टेरिन विषारी होतं. तोंडात फोड यायचे, आतड्याचं अस्तर सोलून निघायचं. लेडर्लीच्या लॅबमधूनच त्याचं थोडं सौम्य भावंड आलं, ते म्हणजे मेथोट्रेक्सेट.

मेथोट्रेक्सेट पुढे काय करणार हे बघायला सुब्बाराव राहिले नाहीत. फार्बर यांचा पेपर येऊन दोन महिनेच झाले होते. ऑगस्ट 1948 मध्ये रात्री झोपेतच हार्ट ॲटॅकने ते गेले. वय 53. भारतीयांना अमेरिकन नागरिकत्व घ्यायची मुभा 1946 च्या कायद्याने मिळाली होती, पण ते शेवटपर्यंत भारतीयच राहिले.

त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांचा हिशोब बघितला तरी चक्रावायला होतं. 1947 मध्ये त्यांच्याच लॅबमधून हेट्राझान आलं, म्हणजे डीईसी, हत्तीरोगावरची गोळी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे आरोग्य सेवक घरी येऊन, समोर उभं राहून खायला लावतात ती हीच. 1948 मध्ये बेंजामिन डग्गर यांनी मातीतल्या जंतूपासून मिळवलेलं ऑरिओमायसिन जाहीर झालं. टेट्रासायक्लिन घराण्यातलं ते पहिलं अँटिबायोटिक. तेही सुब्बाराव प्रमुख असलेल्या संशोधन विभागातलंच.

मग नाव का झालं नाही? एक कारण सरळ आहे. कंपनीत शोध लागतो तेव्हा तो कंपनीचा असतो, आणि पेपरवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नावं असतात. सुब्बाराव स्वतःचं नाव मागे ठेवायचे, पत्रकार परिषदेत पुढे उभं राहायची हौस त्यांना नव्हती. दुसरं, आयुष्याची 25 वर्षं बाहेर काढल्याने भारतात त्यांची ओळख पुसली गेली. 1995 साली जन्मशताब्दीला भारताने टपाल तिकीट काढलं, तेव्हा ते जाऊन 47 वर्षं झाली होती.

औषधाचा प्रवास मात्र चालूच होता. 1950 च्या दशकात अमेरिकेत मेथोट्रेक्सेटने प्लॅसेंटाच्या म्हणजे वारेच्या पेशींपासून होणारा एक कॅन्सर पूर्ण बरा झाला. ल्युकेमियात एका औषधाला आजार दाद देईनासा होतो हे कळल्यावर डॉक्टरांनी चार-चार औषधं एकत्र द्यायला सुरुवात केली. मेंदूत लपलेल्या पेशी मारायला मेथोट्रेक्सेट पाठीच्या मणक्यातून सोडलं जाऊ लागलं. आज श्रीमंत देशांत लहान मुलांचा नेहमीचा ल्युकेमिया, ज्याला ऑल म्हणतात, दहातल्या जवळपास नऊ मुलांमध्ये बरा होतो.

मुलं जगायला लागली म्हणून डॉक्टरांपुढे नवे प्रश्न आले. काही औषधं हृदय दमवतात. मेथोट्रेक्सेटने स्वतःच कधी कधी फुप्फुसाला सूज येते. अगदी थोड्या मुलांमध्ये, विशेषतः जबर केमोथेरपी किंवा बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर, फुप्फुसातल्या बारीक शिरा आतून बुजत जातात आणि तिथला रक्तदाब चढतो. हा पल्मनरी हायपरटेन्शनचा दुर्मीळ प्रकार. मूल दोन पायऱ्या चढून धापा टाकतं आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. यात अवघड हे की या आजाराची नेहमीची रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं दिली, तर पुढची वाट बंद असल्याने फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून ती जपून, मुलाला नजरेखाली ठेवून द्यावी लागतात. काहींना स्टेरॉइडचा उपयोग होतो, काहींना फुप्फुस बदलण्यापर्यंत जावं लागतं. 1947 मध्ये असा प्रश्न कुणाला पडलाच नसता, कारण तिथवर कुठलं मूल पोचतच नव्हतं.

परळमध्ये लुसी विल्स यांचं हाफकिन आणि टाटा हॉस्पिटल चालत जायच्या अंतरावर आहेत. टाटामध्ये ऑलच्या मुलांचे पहिले काही महिने सलाइन, इंजेक्शनं आणि ॲडमिशनमध्ये जातात. ते पार पडलं की डॉक्टर घरी जायला सांगतात आणि मेंटेनन्सचा टप्पा सुरू होतो. तो साधारण दोन वर्षं चालतो. त्यात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मुलाला मेथोट्रेक्सेटची गोळी द्यायची असते. वार चुकू नये म्हणून काही घरांत कॅलेंडरवर त्या तारखांभोवती पेनने गोल केलेले असतात.